पलटण परत कधी बोलवायची?

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या फाटकावर बरीच वर्षं एक निवृत्त हवालदार पहाऱ्याला होते. एका बाजूला नाशिक रोडचं तोफखाना केंद्र, पलीकडे देवळाली कॅम्प, त्यामुळे आमच्या भागात माजी सैनिकांचं नवल कुणाला वाटत नाही. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. एकदा चहा घेताना मी विचारलं, "काका, तुम्ही कुठं कुठं होतात?" त्यांनी तीन-चार ठाण्यांची नावं भराभर घेतली आणि श्रीलंकेपाशी थांबले. "उतरलो तेव्हा बायाबापड्यांनी गळ्यात हार घातले होते. अडीच महिन्यांत त्याच रस्त्यावर आमच्यावर गोळ्या सुटल्या. मग पुढं राहिलोच. का राहिलो, ते नीट कुणी सांगितलं नाही, बघा."

परक्या भूमीवरच्या संघर्षातून आपलं सैन्य माघारी बोलवावं का, हा वाद आपण बहुतेक वेळा अमेरिकेचा किंवा रशियाचा म्हणून वाचतो. पण भारताने तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या जवानांचे मृतदेह उतरवून घेत केला आहे. ३० जुलै १९८७ ते २४ मार्च १९९० असे जवळपास बत्तीस महिने भारतीय शांतिसेना श्रीलंकेत होती. सुमारे १,२०० जवान तिथून जिवंत परतले नाहीत आणि तीन हजारांहून अधिक जखमी झाले. या वादात कोणत्या बाजू होत्या, त्यांतली कोणती काळाच्या कसोटीवर उतरली आणि आज आपण त्यातून काय घ्यावं, याचा हा आढावा.

जाण्यामागचं कारण

जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांविरुद्ध भीषण दंगली झाल्या. हजारो निर्वासित समुद्र ओलांडून तमिळनाडूत आले. भारताने एकीकडे बोलणी चालवली आणि दुसरीकडे तमिळ बंडखोर गटांना प्रशिक्षण व आसरा दिला. १९८७ च्या उन्हाळ्यात श्रीलंकेच्या लष्कराने जाफना द्वीपकल्पात मोठी मोहीम उघडली, तेव्हा ४ जून रोजी भारतीय हवाई दलाच्या विमानांनी जाफन्यावर अन्नधान्य टाकलं. दोन महिन्यांच्या आत, २९ जुलै रोजी पंतप्रधान राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या. दुसऱ्याच दिवशी मानवंदना स्वीकारताना एका श्रीलंकी नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. सिंहली समाजातला रोष करार होताक्षणी असा उघड्यावर आला होता.

करारात दोन गोष्टी होत्या. श्रीलंकेने तमिळबहुल उत्तर आणि पूर्व भागाला प्रांतिक स्वायत्तता द्यायची, आणि बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवायची. पण ज्या संघटनेकडे सर्वांत जास्त शस्त्रं होती ती लिट्टे या कराराची पक्षकारच नव्हती. सही दोन सरकारांची आणि पाळायचा तिसऱ्याने, ही गाठ पहिल्या दिवसापासून सैल होती. शांतिसेना शस्त्रं जमा करून घ्यायला गेली होती, लढायला नव्हे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात थोडीफार शस्त्रं जमा झाली. सप्टेंबरमध्ये लिट्टेचा थिलीपन उपोषणात मरण पावला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या ताब्यात असलेल्या लिट्टेच्या बारा जणांनी सायनाइड घेऊन जीव दिला. १० ऑक्टोबरच्या सुमारास 'ऑपरेशन पवन' सुरू झालं आणि शांतिसेनेची लढाऊ सेना झाली.

पुण्याहून निघालेले आदेश, महाराष्ट्रातल्या पलटणी

या मोहिमेचं महाराष्ट्राशी जवळचं नातं आहे. शांतिसेनेचे पहिले सर्वोच्च सेनापती लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग हे सदर्न कमांडचे प्रमुख होते आणि सदर्न कमांडचं मुख्यालय पुण्यात आहे. जाफन्याकडे चाल करणाऱ्या ५४व्या डिव्हिजनमध्ये महार रेजिमेंट आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. म्हणजे सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंच्या गावांतली पोरं ताडांच्या बनांतून, नारळीच्या वाड्यांतून आणि सुरुंग पेरलेल्या रस्त्यांवरून चालत होती.

११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरने उतरवलेल्या १३ शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जवानांच्या तुकडीतले २९ जण मारले गेले, एक कैद झाला. २५ नोव्हेंबर रोजी शोधमोहिमेवरून परतताना ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी हल्लेखोराच्या हातातली रायफल हिसकावून त्यालाच टिपलं आणि प्राण सोडला. मुंबईत जन्मलेल्या या अधिकाऱ्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. २१ ऑक्टोबर १९८७ रोजी, ऐन दिवाळीत, जाफन्याच्या रुग्णालयात भारतीय सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण, परिचारिका आणि डॉक्टर मिळून साठहून अधिक माणसं मरण पावली. आत बंडखोर शिरले होते असं सैन्याचं म्हणणं होतं; वाचलेल्यांचं म्हणणं वेगळं होतं. ज्यांच्या रक्षणासाठी गेलो त्यांच्याच घरात मयत झाली, हे दोन्ही सांगण्यांत समान होतं. माघारीचा खरा वाद इथून सुरू होतो.

थांबण्याची बाजू

थांबावं असं म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नव्हती. पहिला मुद्दा जबाबदारीचा होता. भारत या कराराचा हमीदार होता. प्रांतिक परिषद उभी राहण्याआधी सैन्य निघालं तर तमिळांना दिलेला शब्द हवेत विरेल. हा मुद्दा काही प्रमाणात खराही ठरला. श्रीलंकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती झाली, नोव्हेंबर १९८८ मध्ये उत्तर-पूर्व प्रांतिक परिषदेच्या निवडणुका झाल्या आणि वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले. शांतिसेनेच्या संरक्षणाशिवाय हे घडलं नसतं.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. त्रिंकोमालीसारखं नैसर्गिक बंदर परक्या सत्तेच्या हाती जाऊ नये, ही दिल्लीची जुनी चिंता होती. तिसरा मुद्दा लष्करी होता. पहिल्या काही महिन्यांच्या मोठ्या हानीनंतर सेना शिकली, चार डिव्हिजनपर्यंत वाढली, शहरं तिच्या ताब्यात आली आणि लिट्टे वन्नीच्या जंगलात मागे हटली. दोरी आवळत आणली असताना ती सोडायची का, असं अनेक अधिकाऱ्यांना वाटत होतं. चौथा मुद्दा प्रतिष्ठेचा होता आणि तोच सर्वांत धोकादायक होता. इतके जवान गेले, आता परत आलो तर ते वाया गेले, अशी भावना शोकातून येते. पण तिच्या आधारावर धोरण ठरलं तर प्रत्येक नवा मृत्यू पुढच्या मृत्यूचं समर्थन बनतो. शेतकरी खराब विहिरीत आधी पैसे घातले म्हणून पुन्हा पैसे घालत राहतो, तसं हे होतं. फरक इतकाच की इथं पैशांच्या जागी माणसं असतात.

परतण्याची बाजू

परत या, असं म्हणणारेही एका सुरात बोलत नव्हते. तमिळनाडूत अनेकांना ही सेना तमिळांवरच बंदूक रोखते आहे याचा संताप होता. संसदेतल्या विरोधकांचा आक्षेप पद्धतीवर होता: इतका मोठा निर्णय झाला, पण संसदेची आधी मंजुरी घेतली गेली नव्हती. काही लष्करी अधिकाऱ्यांचा आक्षेप उद्दिष्टावर होता. ५४व्या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल हरकिरत सिंग यांनी पुढे आपल्या पुस्तकात राजकीय नेतृत्व, राजनैतिक अधिकारी आणि सैन्य यांच्यातल्या विसंवादावर कडक टीका केली.

मानवी हक्कांचा आक्षेप सर्वांत जड होता. ऑगस्ट १९८९ च्या सुरुवातीला वल्वेट्टीतुराई गावात शांतिसेनेच्या गस्तीवर हल्ला होऊन सहा जवान मारले गेले. त्यानंतरच्या दोन दिवसांत तिथे साठच्या आसपास नागरिक ठार झाले. मुंबईच्या कामगार चळवळीतून वर आलेले जॉर्ज फर्नांडिस यांनी या प्रकाराविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. या घटनेची तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण तिच्या काही दिवस आधीच, २८ जुलैला, माघार पुन्हा सुरू करण्याचं दोन सरकारांमध्ये ठरलं होतं. म्हणजे परत जायचं ठरल्यानंतर ते सहा जवान गेले आणि ते गावकरीही गेले.

तारीख कुणी ठरवायची?

जानेवारी १९८९ मध्ये रणसिंघे प्रेमदासा श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. दक्षिणेत जनता विमुक्ती पेरामुना ही सिंहली संघटना भारतविरोधी लाटेवर स्वार होऊन हिंसक बंड करत होती. प्रेमदासांनी एकीकडे लिट्टेशी बोलणी सुरू केली आणि १ जून १९८९ रोजी जाहीर केलं की २९ जुलैपर्यंत भारतीय सैन्याने देश सोडावा. राजीव गांधींचं उत्तर असं होतं की सेना करारानुसार आली आहे, करारातल्या जबाबदाऱ्या दोन्ही बाजूंच्या आहेत, तेव्हा वेळापत्रक दोघांनी मिळून ठरवायला हवं.

कायद्याच्या दृष्टीने आणि नीतीच्या दृष्टीनेही या प्रश्नाची गाभ्याची गोष्ट इथं आहे. शांतिसेनेचा श्रीलंकेतला पाया यजमान देशाच्या संमतीचा होता. सैन्य बोलावण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना होता, आणि बोलावणाऱ्याने निरोप दिला की पाहुण्याने किती वेळ थांबायचं, याचं सरळ उत्तर 'निघायला लागेल तेवढाच' असं आहे. जबाबदारीची अट माघारीच्या पद्धतीवर घालता येते. मुक्काम लांबवण्यासाठी ती वापरता येत नाही. या कसोटीवर प्रेमदासांची मागणी रास्त होती. मात्र तिच्यामागचा हेतू दूरदृष्टीचा नव्हता. त्यांच्या सरकारने याच काळात भारताविरुद्ध लढणाऱ्या लिट्टेला शस्त्रं पुरवली. पुढे १ मे १९९३ रोजी त्याच लिट्टेच्या आत्मघाती हल्ल्यात प्रेमदासांची हत्या झाली.

१८ सप्टेंबर १९८९ रोजी नवा समझोता झाला: मोहिमा थांबवायच्या आणि वर्षअखेरपर्यंत माघार पूर्ण करायची. डिसेंबरमध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांचं सरकार आलं, त्याने माघार पुढे नेली. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमालीहून निघाली. जूनमधल्या मागणीपासून या दिवसापर्यंत जवळपास दहा महिने गेले.

या मधल्या काळाचा विचार आपण फार कमी करतो. आमच्या देवळालीला त्याची जुनी साक्ष आहे. इंग्रजी अमदानीत मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत मायदेशी नेणाऱ्या जहाजाची महिनोनमहिने वाट पाहत राहायचे. त्या रिकाम्या वाट पाहण्याने माणसं इतकी बिथरायची की देवळालीच्या नावावरून इंग्रजीत वेडसरपणासाठी 'डूलाली' हा शब्द रूढ झाला. निर्णय झालेला असतो, पण जहाज आलेलं नसतं. लंकेत अशी वाट पाहणाऱ्यांच्या पायाखाली सुरुंगही होते.

मागे राहिले त्यांचं काय?

माघारीचा वाद 'आपले जवान' या दोन शब्दांपाशी संपत नाही. भारताच्या पाठिंब्यावर प्रांतिक सरकार चालवणाऱ्या लोकांना सैन्य निघाल्यावर कुणी वाली उरला नाही. त्यांच्या रक्षणासाठी घाईघाईने एक तमिळ सेना उभी केली गेली. त्यात कोवळ्या पोरांनाही बळजबरीने भरती केलं गेलं. शांतिसेनेची पाठ फिरताच लिट्टेने ही सेना चिरडली. पेरुमल यांना देश सोडून भारतात यावं लागलं. जून १९९० मध्ये लिट्टे आणि श्रीलंका सरकार यांच्यात पुन्हा युद्ध पेटलं. त्याच महिन्यात प्रांतिक सरकारमागे उभ्या असलेल्या पक्षाचे नेते पद्मनाभ आणि त्यांचे सहकारी चेन्नईत मारले गेले. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुम्बुदूरला लिट्टेने राजीव गांधींची हत्या केली. युद्ध थांबायला मे २००९ उजाडावा लागला.

मग माघार चुकली का? माझं उत्तर आहे, नाही. यजमानाला आपण नको होतो, ज्यांच्यासाठी गेलो त्यांच्यातल्या मोठ्या भागाला नको होतो, आणि विजय म्हणजे काय हे कुणी नीट मांडलेलं नव्हतं. अशा ठिकाणी आणखी दोन वर्षं राहून आणखी मृत्यू मोजले असते. पण माघार बरोबर होती म्हणून तिची रीत बरोबर होती असं होत नाही. ज्यांनी आपल्यावर भरवसा ठेवला त्यांच्यासाठी आसरा आणि राजकीय हमी यांची तयारी निघण्याआधी करायला हवी होती. ती केली नाही, हे आपलं देणं आजही बाकी आहे.

इतर माघारी काय सांगतात

भारताचाच इतिहास पाहू. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. शेख मुजीबुर रहमान यांनी मायदेशी परतल्यावर भारतीय सैन्याच्या माघारीचा विषय काढला आणि मार्च १९७२ मध्ये भारतीय सेना बांगलादेशातून बाहेर पडली. काम ठरलेलं होतं, ते झालं, आणि यजमानाने विचारताच आपण निघालो. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधला उठाव मोडायला छत्रीधारी सैनिक गेले. बहुतेक सेना थोड्या दिवसांत परतली. २०२४ मध्ये त्याच मालदीवच्या नव्या सरकारने भारतीय लष्करी कर्मचारी परत न्यावेत असं म्हटलं. भारताने मे महिन्यापर्यंत त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ पाठवले. संबंध ताणले गेले, पण तुटले नाहीत.

२००० साली सिएरा लिओनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखाली आपले जवान होते. कैलाहूनमध्ये दोनशेहून अधिक भारतीय जवानांना बंडखोरांनी आठवड्यानुआठवडे वेढून ठेवलं. मेजर जनरल विजय जेटली यांच्या नेतृत्वाखाली जुलैमध्ये 'ऑपरेशन खुकरी'ने त्यांची सुटका झाली. त्यानंतर मोहिमेच्या नेतृत्वावरून मतभेद वाढले आणि भारताने आपली तुकडी परत घेण्याचा निर्णय केला. आणि २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी भारतीय सैन्य मागितलं, तेव्हा बरीच चर्चा होऊन १४ जुलैला वाजपेयी सरकारने नकार कळवला. सर्वांत सोपी माघार ती, जिच्यासाठी सैन्य पाठवावंच लागत नाही. लंकेचा धडा त्या नकारामागे उभा होता, असं मला वाटतं.

मोठ्या सत्तांचा अनुभवही जवळपास तेच सांगतो. सोव्हिएत सैन्य १५ फेब्रुवारी १९८९ रोजी अफगाणिस्तानातून बाहेर पडलं, पण मॉस्कोची मदत चालू होती तोवर नजीबुल्ला यांचं सरकार टिकलं आणि १९९२ मध्ये पडलं. अमेरिकेने फेब्रुवारी २०२० मध्ये दोहा इथे तालिबानशी करार केला, तो काबूलच्या सरकारला वगळून. १५ ऑगस्ट २०२१ रोजी, शेवटचा अमेरिकी सैनिक निघण्याआधीच, काबूल पडलं. माघारीनंतर काय होईल ते आपण कुणाशी करार केला आणि निघाल्यावर कुणाला हात देत राहिलो यावर बरंचसं अवलंबून असतं.

मंजुरी कुणाची?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्याच अधिवेशनाने वरचा ब्रह्मदेश खालसा करण्याला विरोध नोंदवला होता. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी लंडनमध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली, तेव्हा हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडणारा लष्करी खर्चाचा बोजा हा तिचा एक मुख्य धागा होता. साम्राज्याच्या लढाईत आपल्या पलटणींना कुणी काही विचारत नव्हतं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात बगदादच्या मोहाने पुढे रेटलेलं सैन्य 'पूना डिव्हिजन'चं होतं. त्यात मराठा पलटणी होत्या. माघार घेऊन ते कूत इथे अडकलं आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण गेलं. त्या जवानांच्या वतीने बोलणारी संसद त्या वेळी नव्हती. आज ती आहे, म्हणूनच तिची जबाबदारी मोठी आहे.

अमेरिकेने व्हिएतनामनंतर १९७३ मध्ये कायदा केला: सैन्य लढाईत उतरवल्यास ४८ तासांत संसदेला कळवायचं आणि मंजुरी न मिळाल्यास ६० दिवसांनंतर माघार घ्यायची. तो अनेकदा धाब्यावर बसवला गेला, तरी त्याने प्रश्न विचारण्याला आधार दिला. जर्मनीत परदेशी लष्करी मोहिमेला संसदेची मान्यता लागते. भारतात असा कायदा नाही. निर्णय मंत्रिमंडळ घेतं आणि संसदेत चर्चा झालीच तर बहुधा नंतर होते. गुप्तता आणि तातडी यांचं कारण पहिल्या आठवड्यासाठी पटतं. बत्तीस महिन्यांसाठी पटत नाही.

लंकेचा हिशेब मांडल्यावर मला चार अटी आवश्यक वाटतात. सैन्य पाठवताना काम एका वाक्यात लिहिलेलं असावं आणि त्या कामाच्या सर्व पक्षकारांची त्यावर सही असावी. यजमानाची संमती संपली तर किती दिवसांत निघायचं, ते जाण्याआधीच ठरलेलं असावं. दर सहा महिन्यांनी संसदेने मोहिमेचा आढावा घेऊन ती चालू ठेवायची का यावर मत द्यावं. आणि आपल्यासोबत काम केलेल्या स्थानिक माणसांच्या सुरक्षिततेची व्यवस्था माघारीच्या वेळापत्रकाचाच भाग असावी.

शेवटची तुकडी चेन्नईच्या बंदरात उतरली, तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नव्हते. त्यांची राजकीय भूमिका समजू शकते. पण पाठवणीचा निर्णय जवानांचा नव्हता, त्याची शिक्षा मात्र त्यांना मिळाली. श्रीलंकेने कोलंबोजवळ बत्तरमुल्ला इथे शांतिसेनेचं स्मारक उभारलं आणि २०१५ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं. आपल्या गावागावांत मात्र लंकेहून परतलेल्याला अजून कुणी तो अनुभव नीट विचारलेला नाही.

काका आता गावी शेती बघतात. "का राहिलो" या त्यांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे: कारण निघायचं कधी, हे जाताना कुणी ठरवलं नव्हतं. पुढच्या वेळी एखादी पलटण समुद्र ओलांडेल, तेव्हा ते उत्तर तिच्यातल्या शेवटच्या शिपायालाही विमानात चढण्याआधी ठाऊक असलं पाहिजे. ते ठाऊक नसेल, तर ती पलटण पाठवू नये.